सात मोऱ्यांचा लखोटा

ही हकिगत मी फार वर्षं टाळली. मुलांनी विचारलं, नातवांनी विचारलं. शाळेतले मास्तर तर एकदा दौत-टाक घेऊन ओसरीवर येऊन बसले होते. त्यांना कापसाच्या तेजीच्या गोष्टी सांगितल्या, आगगाडी पहिल्यांदा आली तेव्हाचं सांगितलं, आणि मोऱ्यांचा विषय निघाला तसा मी पाणी प्यायला आत गेलो, तो परत बाहेर आलोच नाही.

अकोल्यात स्टेशनाकडून कापसाच्या बाजाराकडे जो रस्ता जातो, त्याच्या पोटातून नाल्यांचं पाणी पलीकडे नेणाऱ्या सात मोऱ्या आहेत. लोक त्यांना माझ्या मोऱ्या म्हणतात. मी गवंडी. दगड मी घडवले, कमानी मी वळवल्या, हे खरं आहे. पण त्या दगडांना इतकी वर्षं धरून ठेवणारा चुना माझा नव्हता. तो एका बाईचा होता आणि तिचं नाव कुठल्याही कागदावर नाही. ते का नाही, हे मला माहीत आहे. आता मी सत्तरी ओलांडली. आज टाळलं तर सांगायला कोणी उरणार नाही.

तेव्हाचा वऱ्हाड ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो कसा सांगावा? परमुलखात कुठे तरी लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला की म्हातारी माणसं भाव ऐकून पुन्हा विचारायची. अमरावतीच्या रस्त्याने गाड्या चालल्या की तासभर रस्ता ओलांडता येत नसे. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना इतका कापूस अडकलेला असे की झाडं पांढऱ्या फुलांनी लगडल्यासारखी दिसायची. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मातीच्या भिंतीत ज्यांची हयात गेली त्यांना एकाएकी दगडी वखारी हव्या झाल्या. माझ्या हाताला उसंत नव्हती. रोज सकाळी ओळंबा हातात घेताना मला वाटे, हे सगळं कोण चालवतंय?

चुना मी मोर्णा नदीच्या काठच्या एका भट्टीवरून आणायचो. भट्टी त्या बाईची. नवरा पटकीत गेला, तेव्हा सासरच्यांनी भट्टी विकायला सांगितली, तर हिने दुसऱ्याच दिवशी स्वतः जाळ घातला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. उंच, हाडकुळी, भुवयांवर कायम पांढरी भुकटी. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे ती स्वतः निवडायची. भाजलेल्या चुनकळीवर पाणी पडलं की ती डोळे मिटून त्या फुसफुसण्याकडे कान द्यायची आणि सांगायची, "हे कच्चं राह्यलं, बाजूले काढा." मग चुन्याच्या घाणीभोवती बैल गोल फिरायचे, दगडी चाकाखाली चुना, विटांचा भुगा, गुळाचं पाणी, बेलाचा गर मळला जायचा. शेवटी ती बोटावर कणभर घेऊन जिभेला लावायची. थुंकायची. पुन्हा लावायची. एकदा मी म्हणालो, "बाई, जीभ भाजते ना?"

"भाजते म्हणून तं समजते," ती म्हणाली. "तुह्यी जीभ नुसती बोलाले हाय, मिस्त्री. माह्यी कामाले हाय."

तिच्या चुन्यात बसवलेला दगड वर्षाने काढायचा म्हटलं तर दगड फुटे, सांधा सुटत नसे. हे मी हातोड्याने करून पाहिलेलं आहे.

अशा दिवसांत सरकारी जाहीरनामे निघू लागले. आगगाडीचं काम पश्चिमेकडून सरकत येत होतं, तिच्यासाठी रस्ते, विहिरी, भिंती, सगळंच सरकारला हवं होतं. दवंडीवाला ओरडून जायचा: ज्याला काम पाहिजे त्याने आपला दर कागदावर लिहून, लखोट्यात घालून, लाख लावून कचेरीत द्यावा. तोवर असली कामं मोठे ठेकेदार घेत. ते बाहेरून येत आणि आम्हालाच रोजावर लावत. पण जाहीरनाम्यात 'कोणीही' असा शब्द होता. कचेरीतल्या कारकुनाने तो मला दोनदा वाचून दाखवला. मी तो शब्द धावत नदीवर नेला.

"कोनीई?" बाईने विचारलं.

"कोणीही."

"तू बी? मी बी?"

"तसंच लिहिलंय."

पहिला लखोटा आम्ही अमरावतीच्या बाजाराभोवतीच्या भिंतीसाठी दिला. आणि त्यात जी चूक केली ती आमच्या मुलखातली माणसंच करू जाणत.

आमच्याकडे कापसाचा सौदा रुमालाखाली होई. विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरत, वरून उपरणं टाकत आणि खाली बोटं दाबून भाव सांगत. पहिला भाव कधीच खरा नसे. तो नुसता दार उघडायला असे. मग बोटं दाबायची, हात झटकायचा, रुसून चालू लागायचं, परत यायचं. खरा भाव निघे तो शेवटी. आम्हाला वाटलं, सरकारचा सौदा तरी वेगळा कसा असेल? म्हणून आम्ही दर असा चढवून लिहिला की उतरायला जागा राहावी. मी तर त्या दिवसासाठी नवं उपरणं घेतलं. साहेबाचा हात मळकट कापडाखाली कसा घ्यायचा, ही मला चिंता.

लखोटे उघडायच्या दिवशी आम्ही अमरावतीला कचेरीच्या ओसरीवर बसलो. एकाच सतरंजीवर बग्गीतून आलेले दोन मोठे ठेकेदार, एक तेली, एक सुतार आणि आम्ही दोघं. साहेबाने चाकूने लाख फोडली. एकेक कागद काढून कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतला. कोणी बोललं नाही. बग्गीवाल्याचा दर वाचला, सुताराचा वाचला, त्याच आवाजात आमचा वाचला. मग साहेबाने एका कागदावर खूण केली, लेखणी ठेवली आणि जेवायला गेला.

सगळे उठले. आम्ही बसून राहिलो. दुपार कलली. शेवटी पट्टेवाला आला.

"काहून बसले?"

"सौदा व्हाचा हाय ना," मी उपरणं दाखवलं.

त्याला आधी समजेना. समजलं तेव्हा तो इतका हसला की ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. "अरे बाप्पा! साह्यबाचे बोटं दाबनार व्हता का तू? झाला तो सौदा. मघाच झाला. लिवलं तेच खरं!"

परतीच्या गाडीत माझी मान खाली. बाई मात्र बराच वेळ आभाळाकडे बघत होती. बडनेरा मागे पडलं तेव्हा म्हणाली, "मिस्त्री, मनजे मंधी दलाल नाई?"

"नाही."

"कोनाचा बाप कोन, ते बी इचारत नाईत?"

"नुसता कागद वाचतात. पाहिलं ना आपण."

"एकच बोल," ती म्हणाली. "एकदाच बोलाचं आन तेच खरं. बाप्पा, बाप्पा!" तिचा आवाज देवळात शिरल्यावर होतो तसा झाला होता. आम्ही हरून येत होतो आणि ती एवढी हरखलेली मी कधी पाहिली नव्हती. "मंग हे आपल्यासाठीच हाय, गड्या. आपल्याले सौदा करता येत नाई, पन काम येते."

पुढच्या हंगामात अकोल्याच्या सात मोऱ्यांचा जाहीरनामा लागला. या वेळी दर काढला तो बाईने, भट्टीसमोरच्या अंगणात, खड्यांनी. सात मोऱ्यांच्या सात ओळी मांडल्या. चुन्याच्या गाडीला पांढरा खडा, दगडाच्या गाडीला काळा, माणसाच्या दिवसाला बारीक. प्रत्येक ओळीशेवटी तिने एकेक तांबडा खडा ठेवला.

"हा कशाचा?"

"बैल बसला तं? पानी आलं तं? तुह्यं डोकं फिरलं तं?"

सातव्या ओळीच्या शेवटी तिने दोन ठेवले आणि माझ्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "आता हे खरं. याच्या खाली नाई, याच्या वर नाई." मी वखारीची मापं काढत आलो होतो, पण अजून न बांधलेलं बांधकाम कोणी असं पूर्ण डोळ्यांसमोर मांडावं, हे मी त्या अंगणात पहिल्यांदा पाहिलं. अनामत भरायला मी माझी साठवण घातली, तिने चांदीचे गोठ काढून दिले. नमुना म्हणून तिच्या चुन्याची एक वीट द्यायची होती. ती तिने फडक्यात, बाळ गुंडाळावं तशी गुंडाळली.

"दोघांचं नाव घालजो," एवढंच तिने सांगितलं. "तुह्यं आधी. चालते मले."

मी अकोल्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने कागद लिहायला घेतला. दर लिहिला, मुदत लिहिली. मग त्याने विचारलं, "नाव?" मी माझं सांगितलं. तो म्हणाला, "आणखी कोणी?"

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की कारकून म्हणाला, बाईचं नाव असलं तर साहेब कागद बाजूला ठेवतील. बायकोलाही मी असंच सांगितलं. कारकून तसं काहीही म्हणाला नाही. त्याने टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडे बघत थांबला. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? भीती होती म्हणावं, तर होती थोडी. बाईच्या नावाने कागद हलका होईल अशी. पण खरं सांगायचं तर माझं नाव एकटंच त्या जाड कागदावर उमटलेलं मला बघायचं होतं. कारकुनाने वाळू टाकून शाई सुकवली आणि कागद माझ्यापुढे धरला. मला वाचता येत नव्हतं. तरी मी बघत राहिलो.

लखोटे उघडले त्या दिवशी बाई आत आली नाही. कचेरीसमोरच्या निंबाखाली गाडी सोडून उभी राहिली. ओसरी उघडी होती, सगळं ऐकू येई. आमचा दर सर्वांत कमी निघाला. पण साहेबाला आधी नमुने बघायचे होते. पंधरा दिवस पिंपात बुडवून ठेवलेल्या विटा शिपायाने काढून टेबलावर मांडल्या. एक उचलतानाच भिजलेल्या भाकरीसारखी सुटली. दुसरी साहेबाने नखाने खरवडली तर ओघळ आला. तिसरी आमची. नखाने काही होईना. त्याने चाकू लावला. मग हातोडी मागवली. हातोडी टणकन उडाली आणि ओसरीवरचे सगळे पुढे झुकले. साहेबाने वीट कानाजवळ नेऊन बोटाने वाजवली. आमची बाई कळीच्या चुन्याकडे कान द्यायची, अगदी तसंच. गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसं आश्चर्य त्याआधी पाहिलं नव्हतं.

"ये चूना किसने बनाया?"

मी निंबाकडे बघितलं. हाक मारली असती तर ती वीस पावलांवर होती.

"मैंने, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आलो. ती बैलांना जुंपत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काम भेटलं ना? झालं." थोडं पुढे गेल्यावर तिने वळून बघितलं. "जीभ भाजली नाई तुह्यी, मिस्त्री?" ती हसून म्हणाली. मीही हसलो. काही वेळाने तिने विचारलं, "काम झाल्यावर दाखला देतात मनतात. त्याच्यात तं लिवून घेशील ना माह्यं नाव?"

"घेतो ना, बाई."

मोऱ्या बांधल्या त्या वर्षाइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. तिच्या गाड्या ठरल्या वेळी यायच्या. एकही परत पाठवावी लागली नाही. पहिल्या कमानीखालचा लाकडी साचा काढायचा होता तेव्हा मजूर लांब जाऊन उभे राहिले. ती येऊन कमानीखाली बसली आणि म्हणाली, "काढा." साचा निघाला. कमान जिथे होती तिथेच राहिली, कशावरही नाही, एकमेकांना टेकलेले नुसते दगड. ती खालून वर बघत होती. त्या पावसाळ्यात नाला असा आला की रस्ता दिसेनासा झाला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं चिखलातून सातही मोऱ्या बघून आलो. एक सांधा हलला नव्हता. पुढे आगगाडी आली तेव्हा आख्खं अकोला स्टेशनावर लोटलं. लोक इंजिनाला हळद-कुंकू वाहत होते. बाईने गर्दीतून मला कोपराने ढोसलं. "लोखंडाचं जनावर पाहून काय राह्यला? त्याच्यासाठी येनाऱ्या गाड्या कशावरून चालून राह्यल्या, ते पाह्य." कापसाच्या गाड्या आमच्या मोऱ्यांवरून रांगेने येत होत्या. खरंच, मला इंजिनाहून ते मोठं वाटलं.

दाखला मिळाला. साहेबाची सही, खाली शिक्का. नाव एकच. कारण लखोट्यात एकच होतं आणि मी दुसरं सांगितलं नव्हतं. बाईला मी म्हणालो, "ते लोक जे आधी लिहिलं तेच लिहितात." हेही खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर लवकरच अमरावतीकडच्या कामांना चुना पुरवण्याचा जाहीरनामा निघाला. नुसता चुना. दगड नाही, गवंडी नाही. जणू तिच्यासाठीच काढला होता. पण त्यात एक अट होती: असं काम आधी केल्याचा दाखला हवा. तोवर परमुलखातली लढाई मिटली होती, कापसाचा भाव कोसळायला लागला होता. वखारी बांधणारे थांबले होते. तिच्या भट्टीला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ती माझ्या घरी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"उद्या सकाळी इथल्या कचेरीत ये, मिस्त्री. साह्यबाले एवढंच सांग, त्या मोऱ्याईचा चुना माहा व्हता. बाकी मी पाह्यतो."

"येतो."

"नक्की?"

"येतो म्हटलं ना, बाई."

ती गेल्यावर बायकोने विचारलं, "जाल ना?" मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी बडनेऱ्याकडे एक खाण बघायला निघून गेलो. त्या खाणीची मला काही गरज नव्हती. साहेबासमोर उभं राहून "मैंने" हा शब्द मला परत घ्यावा लागला असता, आणि मग माझ्या पुढच्या लखोट्यांवर त्याने विश्वास ठेवला असता का? हा हिशेब मी रस्ताभर करत होतो. तिच्या खड्यांच्या ओळीत असल्या गोष्टीला खडा नव्हता.

अकोल्याच्या कचेरीतल्या पट्टेवाल्याने नंतर सांगितलं, ती बाई कचेरी बंद होईपर्यंत निंबाखाली बसली होती. "मी म्हटलं, काहून बसली? तं मने, मानूस येनार हाय."

काम बाहेरच्याला गेलं. भट्टी विझली. कुणाला न सांगता ती बैल घेऊन तेल्हाऱ्याकडे भावाच्या गावी गेली. मी आणखी पुष्कळ लखोटे दिले, पुष्कळ कामं केली. प्रत्येक लखोट्यासोबत तो दाखला दाखवला.

बारा-तेरा वर्षांनी मी तेल्हाऱ्याला गेलो. विचारत विचारत तिच्या अंगणात पोचलो. म्हातारी झाली होती, पण भुवया तशाच पांढऱ्या. गावच्या विहिरींपुरती लहानशी भट्टी तिने तिथेही लावली होती. मला ओळखून ती मोठ्याने म्हणाली, "अरे, मिस्त्री! सुटला की तू पार," आणि पोटावर बोट दाखवलं. ताक दिलं. मग एकदम विचारलं, "मोऱ्या हायेत?"

"आहेत."

"साती?"

"सातही. एक सांधा हलला नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने डोळे मिटून मान हलवली, जणू तो चुना आत्ता जिभेवर ठेवला होता. त्या चेहऱ्यावर राग शोधायला मी गेलो होतो. राग असता तर बोलणं सोपं होतं. दाखला माझ्या बंडीच्या खिशात होता. तो तिच्या हातात द्यायचा, असं ठरवून मी आलो होतो. माझा हात दोनदा खिशाकडे गेला.

"काई बोलाले आल्ता का?" तिने विचारलं.

"नाही, इकडे काम होतं. म्हटलं भेटून जावं."

"बरं केलं," ती म्हणाली. वेशीपर्यंत मला पोचवायला आली. निरोप घेतला आणि मी गाडीत बसलो. पुढच्याच उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं.

दाखला अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय. त्या दिवशी अंगणात जे बोलायला गेलो होतो ते वाटेत मी पाठ केलं होतं, आणि अजून पाठ आहे: बाई, कारकुनाने विचारलं होतं, आणखी कोणी? मी नाही म्हणालो. साहेबाने विचारलं, तेव्हाही तुम्ही वीस पावलांवर होतात. आणि निंबाखाली तुम्ही ज्याची वाट बघितली, तो येणार नव्हता. त्याने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. चुना तुमचा होता, बाई. मला माफ करा.